मोटारीच्या अँटेनातील वाटेकरी

स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, म्हणजे एसआरजीने, ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपली एफएम प्रक्षेपणे थांबविली. नॉर्वेने राष्ट्रीय वाहिन्यांपुरता हा निर्णय २०१७ सालीच अंमलात आणला होता आणि तसे करणारा तो जगातील पहिला देश ठरला होता. दोन्ही ठिकाणी वाद झाला तो श्रोत्यांच्या गैरसोयीवरून. घरोघरच्या जुन्या संचांचे काय करायचे, मोटारीतील रेडिओ बदलण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे प्रश्न रास्तच होते. परंतु एफएमच्या लहरीवर गाणी आणि बातम्यांच्या जोडीने आणखी एक माल वाहिला जात असे. त्याला आवाज नव्हता. त्यामुळे तो थांबला तरी कानाला काही कळण्यासारखे नव्हते. पुढे रस्ता तुंबला आहे, बोगदा बंद आहे, उलट दिशेने एखादी मोटार येत आहे, अशी खबर या लहरीच्या पाठीवरून मोटारीतील जीपीएस यंत्रापर्यंत जात असे. लहर थांबली की तिच्या पाठीवरचे ओझेही उतरते.

या खबरीसाठी दीड-दोन दशकांपूर्वी युरोप-अमेरिकेतील पुष्कळ मोटारधारकांनी एक चमत्कारिक खटाटोप केला. जीपीएस यंत्राला त्यांनी रहदारीच्या संदेशांचा वेगळा ग्राहक जोडला, त्याची बारीक तार रबरी चकत्यांनी पुढच्या काचेवर चिकटविली, आणि एवढे करूनही संदेश येईनात तेव्हा हा ग्राहक मोटारीच्या रेडिओच्या अँटेनाशी जोडता येईल काय, याची चौकशी सुरू केली. वरवर पाहता ही हौशी कारागिरांची गोष्ट वाटेल. परंतु मोटारीवर उभ्या असलेल्या अँटेनावर कोणाकोणाचा हक्क चालतो, आणि रस्त्याची खबर मिळविण्यासाठी प्रवाशाने काय मोजावे, हा प्रश्न त्या तारेच्या निमित्ताने पुढे आला होता. तो अद्याप सुटलेला नाही. तारेची जागा मोबाइलने घेतली, इतकेच.

प्रथम ही व्यवस्था होती तरी काय, ते पाहू. एफएम केंद्राच्या लहरीत आवाजाच्या पलीकडे थोडी जागा मोकळी राहते. युरोपीय प्रसारण संघाने, म्हणजे ईबीयूने, १९८० च्या दशकात या जागेचा उपयोग करणारी ‘रेडिओ डेटा सिस्टिम’ अर्थात आरडीएस ही पद्धत सिद्ध केली. ५७ किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवरून सेकंदाला जेमतेम ११८७.५ बिट इतकी माहिती तिच्यातून जाते. रेडिओच्या पडद्यावर केंद्राचे नाव उमटते ते याच वाटेने. पुढे ब्लाउपुंक्ट आणि फिलिप्स यांच्या पुढाकारातून या वाटेच्या कडेने रहदारीच्या संदेशांसाठी एक चिंचोळी पायवाट आखली गेली. ‘ट्रॅफिक मेसेज चॅनेल’, संक्षेपाने टीएमसी, हे तिचे नाव. जर्मनीत सार्वजनिक रेडिओ केंद्रांनी ती १९९७ साली खुली केली. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, मोटारीचे स्थान काही मीटरांच्या अचूकतेने कळू लागले, आणि दिशादर्शक यंत्रांची बाजारपेठ फुलली. आपण कोठे आहोत हे आकाशातून कळत होते. पुढे काय वाढून ठेवले आहे ते जमिनीवरून सांगण्याचे काम टीएमसीकडे आले.

या पद्धतीची काटकसर थक्क करणारी आहे. एक साधा संदेश अवघ्या ३७ बिटांत बसतो. त्यातील १६ बिट ठिकाणाचा क्रमांक सांगतात, ११ बिट घटनेचा, आणि उरलेल्यांत दिशा, कोंडीची लांबी, ती किती वेळ टिकेल याचा अंदाज आणि वळसा घ्यावा किंवा कसे, हे सारे कोंबलेले असते. तुलनेसाठी सांगायचे तर मोबाइलवर देवनागरीत ‘ट्रॅफिक’ हा एकच शब्द धाडला तरी त्यास याच्या तिपटीहून अधिक जागा लागते. संदेशात शब्द नसतातच, नुसते आकडे असतात. आकड्यांचे अर्थ सांगणारी कोष्टके यंत्राच्या पोटात आधीच भरलेली असतात. त्यामुळे म्युनिकच्या केंद्राने धाडलेला एकच संदेश जर्मनाला जर्मन भाषेत, डच माणसाला डच भाषेत आणि इटालियनाला इटालियन भाषेत वाचता येई. मराठी कोष्टक कोणी तयार केले असते तर तोच संदेश मराठीतही उमटला असता, त्यासाठी म्युनिकला कळविण्याचीही गरज नव्हती.

हे सारे कागदावर. प्रत्यक्षात मोटारधारकाला दिसे तो पडद्यावरचा एक राखाडी ठिपका आणि ‘केंद्र शोधत आहे’ अशा अर्थाची ओळ. गंमत अशी की त्याच वेळी मोटारीतील रेडिओवर तेच केंद्र खणखणीत वाजत असे. पुष्कळांनी यावरून यंत्र बिघडल्याचा निष्कर्ष काढला आणि ते दुकानदाराला परत केले. कारण वेगळे होते. आवाजात थोडी खरखर मिसळली तरी कान तिच्याकडे दुर्लक्ष करतो, अर्धवट ऐकू आलेल्या वाक्याचाही मेंदू अर्थ लावतो. आकड्यांच्या संदेशाला ही सवलत नाही. आरडीएसमध्ये १०४ बिटांचा एक गट जातो. त्यातील ४० बिट निव्वळ तपासणीसाठी खर्ची पडतात. तपासणीत खोट आढळली की तो भाग टाकून द्यायचा, असा नियम. शिवाय एकच संदेश पुन्हा जसाच्या तसा आल्याखेरीज यंत्र त्यावर सहसा विश्वास ठेवीत नाही. वाट अरुंद, आणि तिच्यावर केंद्राचे नाव, वेळ, दुसऱ्या वारंवारता अशा इतर गोष्टींचीही वर्दळ. साहजिकच संकेत जरा क्षीण झाला की गाणे चालू राहते आणि खबर मरते.

आणि संकेत क्षीण होई तो मोटारीच्या घडणीमुळेच. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर. तिला नीट पकडायचे तर तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे पाऊण मीटरची तार हवी, आणि ती मोकळ्या हवेत हवी. मोटारीच्या छपरावरील दांडा हे काम उत्तम करतो, कारण खालच्या लोखंडी पत्र्याचे त्याला साहाय्य होते. तीच तार मोटारीच्या आत आणली की चारी बाजूंनी पत्रा, खिडक्यांच्या फटींतून येईल तेवढीच लहर, आणि जवळच सिगारेट लायटरच्या खाचेतून वीज घेणाऱ्या चार्जरची विद्युत खरखर. काही कंपन्यांनी वेगळ्या तारेची कटकट टाळण्यासाठी चार्जरची दोरीच अँटेना म्हणून वापरली. म्हणजे जेथून गोंगाट निघतो तेथेच कान ठेवल्यासारखे झाले. त्यातच उन्हाची धग परतवणाऱ्या, धातूचा सूक्ष्म थर दिलेल्या काचा आल्या. फ्रेंच मोटारींत त्या विशेष प्रचारात होत्या. टोल नाक्यावरील संकेतपट्टी चालावी म्हणून अशा काचेत आरशाजवळ एक छोटी चौकट थराविना ठेवलेली असते. पाऊण मीटरच्या तारेला तेवढी खिडकी कोठून पुरणार!

तेव्हा छपरावर चांगला अँटेना उभा असताना आतल्या काचेवर तार का चिकटवायची, हा मोटारधारकाचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता. रेडिओच्या मागे शिरणारा अँटेनाचा प्लग काढावा, मध्ये दोन फाट्यांचा जोड बसवावा, एक फाटा रेडिओला आणि दुसरा रहदारीच्या ग्राहकाला द्यावा, इतका हा सरळ उपाय. परंतु लहरीची वाटणी ही वडिलार्जित जमिनीच्या वाटणीसारखीच असते. प्रत्येकाच्या वाट्याला निम्मे, आणि मोजणीचा खर्च वेगळा. साध्या जोडातून दोघांनाही अर्ध्याहून थोडी कमीच शक्ती मिळते. शहरात केंद्र जवळ असते, तेथे एवढी घट जाणवत नाही. महामार्गावर दोन केंद्रांच्या सीमेवर मात्र ती नडते. दोन तारा नुसत्या पिळून एकत्र बांधल्या तर आणखी पंचाईत, कारण प्रत्येक ग्राहकयंत्राच्या आत त्याची स्वतःची एक क्षीण लहर निर्माण होत असते आणि ती शेजाऱ्याच्या कानात शिरते. टीव्हीच्या केबलसाठी मिळणारा स्वस्त जोड वापरला तर एफएम निभावते. मध्यम लहरींवरची केंद्रे मात्र बसतात, कारण तो जोड त्या वारंवारतेसाठी घडविलेलाच नसतो.

नव्या मोटारींत आणखी एक गुंता होता. छपरावरील दांडा जाऊन त्याच्या जागी मागच्या काचेत मुरवलेल्या रेषा किंवा माशाच्या परासारखा बुटका अँटेना आला. असा अँटेना आपल्या बळावर पुरत नाही. त्याच्या बुडाशी एक प्रवर्धक असतो आणि त्याला लागणारी वीज पुष्कळदा रेडिओकडून त्याच तारेतून उलटी जाते. मधला जोड ही वीज अडविणारा असेल तर प्रवर्धक झोपतो, आणि रहदारीची खबर राहिली बाजूला, होता तो रेडिओही मुका होतो. ही वीज पुढे जाऊ देणारे आणि वाटणीतील तूट भरून काढणारे जोड बाजारात होते. पण ते बसवायचे म्हणजे डॅशबोर्ड उघडणे आले, आणि डॅशबोर्ड परक्या हातांनी उघडला की हमीचा प्रश्न आला. ज्यांना कारखान्यातूनच दिशादर्शक बसवून मोटार मिळाली, त्यांना यातले काहीच सोसावे लागले नाही. त्यांच्या संचात एक ग्राहक गाण्यांसाठी आणि दुसरा गुपचूप टीएमसीची केंद्रे धुंडाळण्यासाठी असे, आणि दोघांना छपरावरील अँटेनाचा वाटा कारखान्यातच करून दिलेला असे. त्यासाठी ते भरघोस किंमतही मोजत. बाहेरून स्वस्त यंत्र आणणाऱ्याला काचेवरची तार, आणि कंपनीचा महागडा संच घेणाऱ्याला छपरावरील अँटेना, अशी ही विभागणी होती. अँटेना मात्र दोघांनीही मोटारीच्या किमतीत विकत घेतलेला.

दुसरी वाटणी खबरीच्या मालकीवरून झाली. जर्मनीतील सार्वजनिक केंद्रांची सेवा फुकट होती आणि इटलीत राय या सार्वजनिक प्रसारण संस्थेचीही तशीच. पोलीस आणि रस्ते प्रशासन यांच्याकडून आलेली माहिती ती देत. ती ढोबळ असे आणि कित्येकदा कोंडी सुटल्यावर पोहोचे, ही तक्रार खोटी नव्हती. २००४ साली जर्मनीतच ‘टीएमसी प्रो’ ही सशुल्क सेवा खासगी केंद्रांवरून सुरू झाली. महामार्गावरील पुलांवर बसविलेल्या संवेदकांची ताजी माहिती हे तिचे भांडवल. ब्रिटनमध्ये ट्रॅफिकमास्टर आणि आयटीआयएस या कंपन्या या धंद्यात होत्या. ट्रॅफिकमास्टरचे रस्त्याकडेला निळ्या खांबांवर बसविलेले कॅमेरे नंबरप्लेटमधील मधलीच अक्षरे टिपत. दोन खांबांमधले अंतर तोडण्यास किती वेळ लागला हे तेवढ्यावरून कळते आणि मोटार कोणाची हे कळत नाही. हा विवेक त्या काळी दाखविला गेला, याची येथे नोंद करून ठेवतो, कारण पुढे तो दुर्मिळ झाला.

सशुल्क संदेशही त्याच खुल्या लहरीवरून जात. पैसे न देणाऱ्याला ते वाचता येऊ नयेत म्हणून ठिकाणाचे क्रमांक गुप्तलिपीत धाडले जात आणि किल्ली यंत्रात असे. अमेरिकेत काही ग्राहकयंत्रांवर शुल्काऐवजी पडद्यावर जाहिराती येत. शुल्क बहुधा यंत्राच्या किमतीतच धरून ‘आजीवन सेवा’ असे खोक्यावर छापलेले असे. कोणाचे आजीवन, हे मात्र बारीक अक्षरांत. यंत्राचे आयुष्य अथवा माहिती पुरविणाऱ्याशी असलेला करार, यांपैकी जे आधी संपेल ते, असा त्या अटीचा मथितार्थ असे. गिऱ्हाईकाच्या आयुष्याचा तीत संबंध नव्हता.

येथवर वाचून कोणास वाटेल की ही जुनी पद्धत निर्दोष होती आणि नव्याने तिचा घात केला. तसे नाही. तिचा सर्वांत मोठा दोष २००७ साली आंद्रेआ बारिझानी आणि दानिएले बियांको या दोन इटालियन तंत्रज्ञांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत उघड केला. टीएमसीचा संदेश खरोखर केंद्राकडूनच आला आहे काय, हे तपासण्याची कसलीही सोय यंत्रात नव्हती. थोडक्या साहित्यातून एक छोटा प्रक्षेपक उभारून त्यांनी मोटारीतील यंत्राला खोट्या खबरी पुरविल्या. घटनांच्या कोष्टकात हवाई हल्ला, दहशतवादी कृत्य, इतकेच काय, बैलांच्या झुंजीचाही क्रमांक होता. तो धाडला की यंत्र तो निमूटपणे दाखवी आणि कोंडीची खबर दिली की निमूटपणे रस्ता बदली. ऐकणाऱ्याची ओळख विचारायची नाही हा या पद्धतीचा गुण; बोलणाऱ्याचीही ओळख विचारायची नाही हा तिचा दोष.

तोवर वारे फिरले होते. त्याच २००७ साली नेदरलँड्समध्ये टॉमटॉमने व्होडाफोनच्या जाळ्यातील मोबाइलांच्या हालचालींवरून कोंडीचा अंदाज बांधणारी सेवा आणली. ऑक्टोबर २००९ मध्ये गुगलने मोबाइलवर दिशादर्शन मोफत देण्याची घोषणा केली आणि गार्मिन व टॉमटॉम या दोन्ही कंपन्यांचे समभाग गडगडले. २०१२ मध्ये मुंबई, पुण्याच्या रस्त्यांवरील कोंडीही गुगलच्या नकाशावर लाल रेघांनी दिसू लागली. भारतीय शहरी मोटारधारक त्या तारेच्या आणि जोडाच्या फेऱ्यातून कधी गेलाच नाही. तो थेट मोबाइलवर आला. या सेवेची अचूकता आणि व्याप्ती टीएमसीच्या कित्येक पट आहे. गल्लीबोळातील कोंडी ३७ बिटांच्या संदेशात आणि १६ बिटांच्या ठिकाण-क्रमांकात कधीच मावली नसती. ही गोष्ट निर्विवाद मान्य करून मगच पुढचा मुद्दा मांडला पाहिजे.

मुद्दा असा की, टीएमसीचा संदेश ऐकणाऱ्याची कोठेही नोंद होत नसे. म्युनिकचे केंद्र दहा मोटारींनी ऐकले की दहा लाख मोटारींनी, हे केंद्राला ठाऊक नसे आणि कळण्याचा मार्गही नव्हता. मोबाइलवरील सेवेत प्रत्येक ऐकणारा हाच खबऱ्या असतो. कोंडी दिसते ती कोंडीत अडकलेल्यांचे मोबाइल आपले ठिकाण आणि वेग सतत कळवीत असतात म्हणून. बर्लिनमधील कलावंत सायमन वेकर्ट याने २०२० साली एका हातगाडीत ९९ मोबाइल भरून ती रिकाम्या रस्त्यांवरून ओढत नेली. गुगलच्या नकाशावर त्या रस्त्यांना लाल रंग चढला. बारिझानी आणि बियांको यांच्या प्रयोगाइतकाच हाही बोलका आहे. पहिल्यात यंत्राला खोटे सांगावे लागले. दुसऱ्यात सांगावेही लागले नाही, मोबाइल नुसते नेले तेवढ्याने यंत्रणेने गर्दीचा अर्थ लावला. फसविण्याची शक्यता दोन्हीकडे आहे, आणि हातगाडीला तर प्रक्षेपकाचीही गरज पडली नाही.

खबरीच्या बदल्यात आपला ठावठिकाणा द्यायचा, हा व्यवहार कोणी राजीखुशीने करीत असेल तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत आहे ती दुसरा मार्ग बंद होण्याला. युरोपीय संघाने २०१३ सालच्या ८८६ क्रमांकाच्या विनियमात एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले. निसरडा रस्ता, रस्त्यावरील माणूस वा जनावर, असुरक्षित राहिलेली अपघाताची जागा, उलट दिशेने येणारे वाहन, अशा सुरक्षेशी निगडित खबरी शक्य तेथे वापरकर्त्यांकडून मोबदला न घेता मिळाव्यात, असे ते तत्त्व. हे योग्यच झाले. परंतु मोबदला म्हणजे केवळ पैसा, असे धरले तर तत्त्व अर्धेच पाळले जाते. इंटरनेटवरून येणाऱ्या मोफत खबरीसाठी मोबाइलचे जाळे हवे, त्याचे देयक भरलेले हवे, आणि मोटार कोठे आहे ते कोणाला तरी ठाऊक झालेले हवे. डिजिटल रेडिओवरूनही रहदारीचे संदेश धाडता येतात, त्यासाठी टीपेग नावाची टीएमसीहून पुष्कळ प्रशस्त पद्धत उपलब्ध आहे, आणि डिसेंबर २०२० पासून युरोपीय संघात नव्या मोटारींतील रेडिओ डिजिटल प्रसारण पकडू शकणारा असणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे एफएम गेले तरी ऐकणाऱ्याला न मोजणारी वाट मोकळी ठेवता येते. ती ठेवायची की नाही, हा प्रश्न तंत्राचा उरलेला नाही.

जाळे कोसळते तेव्हा या वाटेचे मोल कळते. जुलै २०२१ मध्ये जर्मनीतील आर नदीच्या खोऱ्यात महापूर आला. त्या पुरांत जर्मनीत १८० हून अधिक माणसे दगावली. अनेक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. मुंबईकरांना हे नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, फोन मुके झाले, आणि पाण्यात अडकलेल्या मोटारींतील कित्येकांपर्यंत बाहेरची खबर पोहोचत होती ती एफएमवरून. त्या दिवशी मोटारीत बसून राहावे की बाहेर पडावे, हा निर्णय जिवाशी खेळ होता. बंद मोटारींत गुदमरून माणसे गेली, हे शहर विसरलेले नाही. अशा वेळी छपरावरील अँटेनाला मोबाइलच्या मनोऱ्याची परवानगी लागत नाही.

मोटार कंपन्यांचा कल मात्र उलट दिशेने आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील विद्युत गोंगाटामुळे मध्यम लहरींचे ग्रहण बिघडते, या कारणास्तव काही कंपन्यांनी अमेरिकेत ते ग्राहकयंत्रच काढून टाकण्यास सुरुवात केली. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी हा रेडिओ लागतो म्हणून मे २०२३ मध्ये तेथील काँग्रेसमध्ये प्रत्येक मोटारीत तो सक्तीचा करणारे विधेयक आले, आणि फोर्डने त्याच महिन्यात आपला निर्णय फिरविला. दुसरीकडे, मोबाइल जाळ्यावर विसंबलेल्या मोटारींचे काय होते तेही अमेरिकेने पाहिले आहे. २०२२ साली तेथील थ्री-जी जाळी बंद झाली आणि त्यांच्यावर चालणाऱ्या कित्येक मोटारींतील दूरसंपर्क सेवा, अपघाताची वर्दी देणारी सोयसुद्धा, एका दिवसात निकामी झाल्या. मोटार वीस वर्षे टिकते. जाळ्याची पिढी दहा-पंधरा वर्षांत बदलते. काचेवरच्या तारेवर चिडणाऱ्या मोटारधारकाला निदान एक जोड विकत आणून धडपड करता येत होती. आजच्या मोटारीतील माशाच्या परात मोबाइल, जीपीएस, रेडिओ यांचे अँटेना एकत्र बांधलेले असतात, आणि त्यात सामान्य कारागिराने हात घालावा असे काहीच ठेवलेले नसते.

भारतात टीएमसी रुजली नाही म्हणून हा प्रश्न आपल्याला लागू नाही, असे मानण्याचे कारण नाही. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास येथे मज्जाव आहे; परंतु २०११ च्या तिसऱ्या टप्प्यातील धोरणाने रहदारी, हवामान आणि नैसर्गिक आपत्ती यांची माहिती ही ‘बातमी’ नव्हे, असे ठरवून ती देण्यास परवानगी दिली. शासनाच्या लेखी घाटात दरड कोसळणे ही बातमी नाही, हे थोडे विनोदी आहे खरे, पण त्या व्याख्येचा फायदाच झाला. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उत्पादकांना सूचना केली, की ज्या संचांत एफएमची सोय आहे तेथे ती बंद करून ठेवू नये. आपत्तीच्या काळात तिचा उपयोग होतो. हेतू स्तुत्य आहे. अडचण त्याच जुन्या जागी आहे. मोबाइलमध्ये एफएमसाठी वेगळा अँटेना नसतो. इयरफोनची दोरी हीच त्याची तार, आणि म्हणूनच इयरफोन लावल्याखेरीज मोबाइलवर रेडिओ सहसा लागत नाही. अलीकडच्या बऱ्याच संचांतून इयरफोनचे ते गोल छिद्रच काढून टाकले आहे. अशा संचात एफएमची चिप जागी ठेवली तरी तिने लहर पकडायची ती कशाने, हे उत्पादकांना विचारले गेले पाहिजे.